न मागितलेल्या ईमेलला उत्तर कधी येतं?

एखाद्या छोट्या व्यावसायिकाने कंपन्यांचे दोनशे ईमेल पत्ते जमवावेत, 'आमच्या सेवांचा लाभ घ्यावा' असा मजकूर लिहावा, त्याला दरपत्रकाची भलीमोठी पीडीएफ जोडावी आणि एका दमात सगळ्यांना धाडून द्यावी. आठवडा जातो. उत्तर एकही नाही. उलट बरीच पत्रं 'असा पत्ता नाही' म्हणून परत आलेली. आणि त्याच वेळी त्याच्या स्वतःच्या इनबॉक्समध्ये मात्र कुठल्याशा परदेशी लॉटरीचं पत्र अगदी वर बसलेलं! प्रामाणिक माणसाचं पत्र अडतं आणि भामट्याचं पोचतं, हे कसं?

ओळखदेख नसलेल्या ग्राहकाला धंद्यासाठी पाठवलेल्या अशा पत्राला विक्रीच्या भाषेत 'कोल्ड ईमेल' म्हणतात. ते पोचतं कसं, अडतं कुठे आणि वाचणारा त्याला उत्तर का देतो, हे समजून घेण्याची गरज आज दिघीसारख्या गावाला मुंबई-पुण्याइतकीच आहे.

दिघीला ही विद्या कशाला हवी?

राजपुरी खाडीच्या दक्षिण तीरावर, श्रीवर्धन तालुक्यात दिघी आहे. समोर पाण्यात जंजिरा, पलीकडच्या तीरावर आगरदांडा आणि दोन्ही तीरांना जोडणारी फेरीबोट. फेब्रुवारी 2021 मध्ये इथलं बंदर अदानी पोर्ट्‌सने 705 कोटी रुपयांना घेतलं. 28 ऑगस्ट 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने देशात 12 नव्या औद्योगिक वसाहतींना मंजुरी दिली, त्यांत महाराष्ट्रातली 'दिघी बंदर औद्योगिक क्षेत्र' ही वसाहत आहे. तिचं क्षेत्र सुमारे 6,000 एकर.

अशा ठिकाणी मोठ्या कंपन्या येतात तेव्हा त्यांच्यामागून बांधकामाचे कंत्राटदार, मालवाहतूकदार, क्रेनवाले, सुरक्षा एजन्सी येतात. त्या सगळ्यांना जेवणाचे डबे, पाण्याचे टँकर, राहायला खोल्या, गाड्या, धुलाई लागते. ही कामं गावातल्या माणसांनी मिळवायची, तर निर्णय घेणाऱ्यापर्यंत पोचावं लागतं. तो बसतो बेलापूरच्या किंवा पुण्याच्या कार्यालयात. तिथे ओळख नाही, फाटकावरचा रखवालदार आत सोडत नाही, फोन उचलला जात नाही. ईमेल मात्र कुणालाही, फुकट पाठवता येतं, आणि हीच त्याची अडचणही आहे. फुकट असल्यामुळे ते सगळेच पाठवतात.

जुनी युक्ती

धंद्यासाठी न मागितलेलं पहिलं सामुदायिक ईमेल 3 मे 1978 रोजी गेलं. अमेरिकेतल्या 'डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन' या कंपनीचे विक्री अधिकारी गॅरी थर्क यांनी नव्या संगणकाच्या प्रात्यक्षिकाचं आमंत्रण 'अर्पानेट' या तेव्हाच्या जाळ्यावरच्या सुमारे 400 जणांना पाठवलं. पत्ते इतके झाले की ते नेमून दिलेल्या जागेत मावेनात, उरलेले पत्राच्या मजकुरात सांडले. त्यावरून गदारोळ उठला, समज मिळाली. पण थर्क यांच्या सांगण्यानुसार त्या पत्रामुळे लाखो डॉलर्सची यंत्रं विकलीही गेली. त्याचं कारण पत्त्यांच्या संख्येत शोधू नये. त्या काळी अर्पानेटवर असणारा जवळपास प्रत्येक जण संगणकाच्याच कामात होता. पत्र योग्य माणसांकडेच गेलं होतं.

मराठी मुलखातलं याहून सुंदर उदाहरण त्याआधीचं, 1920 सालचं आहे. किर्लोस्करवाडीच्या कारखान्याने शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली 'किर्लोस्कर खबर' काढायला सुरुवात केली. हेतू व्यापारीच होता: नांगर, चरक अशा मालाची माहिती विक्रेत्यांना आणि शेतकऱ्यांना कळावी. लोखंडी नांगराने जमीन नासते, अशी समजूत असलेल्या गिऱ्हाइकाशी या कारखान्याची गाठ पडलेली होती. नुसतं 'आमचा नांगर घ्या' म्हणून भागणार नव्हतं. म्हणून जाहिरातीबरोबर वाचणाऱ्याच्या उपयोगाचा मजकूर येऊ लागला. पुढे तो इतका वाढला की त्यातून 'किर्लोस्कर' हे मासिक उभं राहिलं. न मागितलेलं पत्र हातात ठेवावंसं वाटायचं असेल, तर त्यात आधी वाचणाऱ्याचं काहीतरी असलं पाहिजे, हे वाडीच्या लोकांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं.

पहिली चाचणी यंत्राची

ईमेल माणसाच्या नजरेला पडण्याआधी जीमेल, याहू, आउटलुक अशा सेवांचं यंत्र ते तपासतं. या तपासणीचं मूळ एका जुन्या उणिवेत आहे. 1982 मध्ये ठरलेल्या ईमेल पाठवण्याच्या नियमावलीत प्रेषकाच्या नावाची खातरजमा करण्याची सोयच नव्हती. कुणीही कुणाच्याही नावाने पत्र पाठवू शकत होतं. ही उणीव भरून काढण्यासाठी गेल्या वीस वर्षांत तीन व्यवस्था आल्या. नावं क्लिष्ट आहेत, पण व्यवहार ओळखीचा आहे.

श्रीवर्धनचा एक बागायतदार वाशीच्या व्यापाऱ्याकडे रोठा सुपारीची पोती पाठवतो, असं समजू. तो व्यापाऱ्याला आधीच कळवून ठेवतो: माझा माल फक्त या दोन टेम्पोंतून येईल, हे घ्या त्यांचे नंबर. दुसरं, प्रत्येक पोत्याच्या शिवणीवर माझं सील असेल. ते तुटलेलं दिसलं तर वाटेत कुणी हात घातलाय असं समजा. आणि तिसरं, टेम्पोही माझा नाही आणि सीलही माझं नाही, असं असेल तर पोतं बाजूला ठेवा किंवा परत पाठवा आणि मला कळवा.

टेम्पोंच्या नंबरांची ती यादी म्हणजे 'एसपीएफ'. आपल्या नावाने कोणकोणते सर्व्हर पत्र पाठवू शकतात, हे डोमेनच्या सार्वजनिक नोंदींत लिहून ठेवायचं. सील म्हणजे 'डीकेआयएम': पाठवणारा सर्व्हर प्रत्येक पत्रावर गणिती सही करतो आणि घेणारा सर्व्हर ती पडताळतो. तिसरी सूचना म्हणजे 'डीमार्क'. डोमेन म्हणजे पत्त्यातल्या '@' चिन्हानंतरचा भाग. ते आपण विकत घेतलेलं असेल, तर या तिन्ही नोंदी ज्याच्याकडून घेतलं त्याच्या संकेतस्थळावरच्या सेटिंगमध्ये भरता येतात. जाणकाराला तासाभराचं काम.

फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहूने या गोष्टी सक्तीच्या केल्या. जीमेलच्या खात्यांना दिवसाला 5,000 किंवा जास्त पत्रं पाठवणाऱ्याला तिन्ही नोंदी हव्यातच, शिवाय एका क्लिकमध्ये नाव काढून घेण्याची सोय हवी. त्याहून कमी पाठवणाऱ्यालाही पहिल्या दोहोंपैकी एक तरी लागतेच. मे 2025 पासून मायक्रोसॉफ्टनेही आउटलुकसाठी मोठ्या प्रेषकांवर अशीच अट घातली.

साधा जीमेलचा पत्ता वापरणाऱ्याला यातलं काही करावं लागत नाही, कारण गूगलच ते सांभाळतं. पण जीमेलचा पत्ता 'प्रेषक' म्हणून टाकून तिसऱ्याच कुठल्या सामुदायिक पाठवणीच्या सेवेतून पत्रं सोडली, तर ती अडतात. नाव गूगलचं, सर्व्हर भलताच, असं यंत्राला लगेच दिसतं.

मग लॉटरीवाला कसा पोचतो?

या तीन नोंदी पत्र कुणी पाठवलं एवढंच सांगतात. पाठवणारा सज्जन आहे की नाही, हे त्या सांगत नाहीत. भामटाही डोमेन विकत घेतो आणि तिन्ही नोंदी बिनचूक भरतो. काही तास, फार तर काही दिवस त्याची पत्रं इनबॉक्सात जातात. मग लोक 'स्पॅम' दाबू लागतात, डोमेन बदनाम होतं आणि तो ते टाकून दुसरं घेतो. आपल्याला दिसतं ते त्या थोड्या काळात निसटलेलं पत्र. त्याची अडलेली पत्रं आपल्याला दिसतच नाहीत.

म्हणून यंत्र दुसरी गोष्ट पाहतं: प्रेषकाची पत. त्याच्या पत्रांना लोक उत्तर देतात का, न उघडता पुसून टाकतात का, किती पत्रं बंद पत्त्यांवर आदळतात, किती जण 'स्पॅम' म्हणतात. गूगलने मोठ्या प्रेषकांना आकडाच दिला आहे: तक्रारींचं प्रमाण 0.1 टक्क्याच्या आत ठेवा, 0.3 टक्क्यापर्यंत कधीही जाऊ देऊ नका. म्हणजे हजारात तीन तक्रारी झाल्या की धोका.

आता सुरुवातीच्या त्या छोट्या व्यावसायिकाकडे यंत्राच्या बाजूने पाहावं. कालपर्यंत गप्प असलेला पत्ता, आज अचानक दोनशे पत्रं. सगळ्यांत तोच मजकूर. अनेक पत्ते मेलेले. उत्तर कुणाचंच नाही. भामट्याची वागणूक नेमकी अशीच असते! यंत्राला त्याचा प्रामाणिकपणा दिसत नाही, त्याची वागणूक दिसते. दोष त्याच्या हेतूत नव्हता, पाठवण्याच्या पद्धतीत होता.

त्यावरून पुढच्या दोन गोष्टी आपोआप ठरतात. नवं डोमेन असेल तर रोज पाच-दहा पत्रांपासून सुरुवात करायची, आधी ओळखीच्या लोकांशी खराखुरा पत्रव्यवहार होऊ द्यायचा आणि आकडा हळूहळू वाढवायचा. आणि पत्त्यांची विकतची यादी कधीही घ्यायची नाही. 'महाराष्ट्रातल्या पन्नास हजार कंपन्यांचे पत्ते' अशा याद्या स्वस्तात मिळतात. त्यांत बंद पडलेले पत्ते तर असतातच, शिवाय स्पॅम पाठवणारे पकडण्यासाठी मुद्दाम जिवंत ठेवलेले सापळ्याचे पत्तेही असतात. अशा यादीवर खर्च केलेला पैसा स्वतःचीच पत घालवायला वापरला जातो.

यादी किती मोठी हवी?

समजा, दिघीतल्या दहा बायकांच्या एका बचत गटाला कामगारांसाठी डबे पुरवायचे आहेत. पत्रं कुणाला पाठवावीत?

पहिला विचार मनात येतो तो नव्या औद्योगिक वसाहतीचा. पण नाव दिघीचं असलं तरी तिची जमीन बंदरालगत नाही, ती बरीच आत, रोहा-माणगावच्या बाजूला आहे. दुपारचा डबा गरम पोचायला हवा. म्हसळ्याच्या घाटरस्त्याने तो तिथवर नेण्यात अर्थ नाही. म्हणजे ती सगळी नावं गेली. उरले बंदरात आणि आसपास प्रत्यक्ष काम करणारे: मालाची चढउतार करणारी कंपनी, एखादा बांधकाम कंत्राटदार, वाहतूकदार, सुरक्षा एजन्सी. अशी पंधरा-वीस नावं निघतील. बास, तेवढीच यादी.

ही नावं मिळतात कुठून? निविदांच्या जाहीर निकालांतून, साइटवर लावलेल्या कामाच्या फलकावरून, ट्रकच्या दारावर रंगवलेल्या नावावरून. फलकावर कंपनीचं नाव असतं, तिच्या संकेतस्थळावर पत्ता मिळतो. मात्र कंपनी नोंदणीच्या कागदपत्रांतला पत्ता फारसा कामाचा नाही. तो बऱ्याचदा कंपनीच्या सीएचा असतो आणि सीएला कामगारांच्या डब्याशी काही देणंघेणं नसतं. 'इन्फो' ने सुरू होणारा सर्वसाधारण पत्ता हाही शेवटचा पर्याय. प्रत्येक ठिकाणी जेवणाची व्यवस्था कोण पाहतं, हे साइटवरच्या मुकादमाला विचारलं तर तो सांगतो. बेलापूरच्या स्पर्धकाला ही चौकशी करता येत नाही, गावातल्या बाईला येते. इथे दिघीची माणसं पुढे आहेत.

दुसरी चाचणी माणसाची

यंत्राने सोडलेलं पत्र आता एका थकलेल्या ॲडमिन अधिकाऱ्याच्या मोबाइलवर दिसतं. पडद्यावर प्रेषकाचं नाव, विषयाचे पहिले चार-सहा शब्द आणि मजकुराची एखादी ओळ, एवढंच. त्यावर तो दोन प्रश्नांची उत्तरं शोधतो: हे माझ्यासाठी आहे का? आणि यात मला काय करावं लागणार आहे? बचत गटाचं पत्र असं असू शकतं:

*विषय: दिघी साइटवरच्या कामगारांसाठी दुपारचा डबा*

*स.न.वि.वि. आपल्या कंपनीने दिघी बंदरात गोदामाचं काम सुरू केल्याचं साइटवरच्या फलकावर पाहिलं. बंदराच्या फाटकापासून जवळच आमचा दहा महिलांचा बचत गट डबे करतो. रोज साठ डब्यांची तयारी आहे: तांदळाची भाकरी किंवा पोळी, भाजी, आमटी, भात; बुधवार, शुक्रवार, रविवारी मासळी. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा मासळीऐवजी अंडी किंवा सुकट देतो. अन्नपरवाना आहे, पक्कं बिल मिळेल. येत्या सोमवारी पाच डबे चवीसाठी साइटवर पाठवू का? 'हो' एवढं कळवलंत तरी पुरे. हे काम दुसरे कुणी पाहत असतील तर त्यांचं नाव कळवावं. अशी पत्रं नको असतील तर तसं सांगावं, पुन्हा पाठवणार नाही.*

विषयात साइट, माणसं आणि वस्तू तिन्ही आली. 'उत्तम संधी', 'खास ऑफर' यांतलं काही नाही. पहिल्याच वाक्यात त्या कंपनीचं काम आहे. गटाची स्थापना कधी झाली, पुरस्कार कुठला मिळाला, हे नंतर कधीतरी सांगता येईल. दर दिलेला नाही, कारण दर डब्यांच्या संख्येवर ठरेल. तो विचारला गेला की संवाद सुरूच झाला.

सगळ्यांत मोलाचं वाक्य मासळीबंदीचं आहे. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. बाहेरचा पुरवठादार हे वाक्य लिहिणार नाही, कारण त्याला ते सुचणारच नाही. स्वतःच्या सेवेची मर्यादा आधीच सांगणाऱ्यावर वाचणारा विश्वास टाकतो, आणि इथला माणूस इथलं जाणतो याचा तो पुरावाही आहे.

मागणीही एकच आणि छोटी आहे. 'भेटीची वेळ द्यावी' म्हटलं की अधिकाऱ्याला वेळापत्रक पाहावं लागतं, वरिष्ठांना विचारावं लागतं. पाच डब्यांना 'हो' म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही.

जोडपत्र पहिल्या पत्रात नकोच. अनोळखी पत्रासोबतची फाइल उघडू नये, असं कंपन्या आपल्या माणसांना शिकवतात. मजकूर चित्राच्या स्वरूपात चिकटवू नये, आखूड केलेल्या लिंका देऊ नयेत. फसवणुकीच्या पत्रांत हे नेहमी असतं. मराठीत लिहायचं तर युनिकोडमध्ये टाइप करावं. जुन्या 'शिवाजी' किंवा तत्सम फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर समोरच्याला रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. भाषा कोणती, हे अधिकाऱ्यावरून ठरवावं. तो अमराठी असेल तर साध्या हिंदीत किंवा इंग्रजीत लिहावं, पण लांबी एवढीच ठेवावी.

चौकट: पाठवण्याआधी पाहा

पत्ता चालू आहे का आणि तो नेमक्या माणसाचा आहे का? पहिल्या दोन वाक्यांत त्याच्या कामाचा उल्लेख आला का? मागणी एकच आहे का? पत्र मोबाइलवर न सरकवता जवळपास पूर्ण दिसतं का? नको म्हणण्याची सोय दिली का? जीमेलच्या मोफत खात्यातून दिवसाला 500 जणांनाच पत्रं पाठवता येतात, पण तो आकडा गाठायचाच नाही. आणि सगळ्यांना एकाच पत्रात 'बीसीसी' करून कधीही पाठवू नये; प्रत्येकाला वेगळं पत्र.

पुन्हा लिहावं का?

लिहावं. अनेक पत्रं नकारामुळे नव्हे, तर गडबडीमुळे अनुत्तरित राहतात. चार-पाच दिवसांनी त्याच पत्राच्या धाग्यात दुसरं पत्र जावं, पण 'माझं पत्र मिळालं का?' एवढंच विचारणारं नको. त्यात काहीतरी नवं हवं: या आठवड्याची डब्यांची यादी, स्वयंपाकघराचा एक फोटो पाहायचा असल्यास पाठवू असं आश्वासन. आणखी आठ-दहा दिवसांनी तिसरं आणि शेवटचं. त्यानंतर थांबावं. गणपतीच्या आठवड्यात तर पाठवूच नये. कोकणातलं कार्यालय तेव्हा रिकामं असतं.

यश मोजायचं ते उत्तरांवरून. 'किती जणांनी पत्र उघडलं' हे सांगणारी साधनं मिळतात. ती पत्रात अदृश्य चित्र लपवतात आणि ते चित्र मागवलं गेलं की 'उघडलं' अशी नोंद करतात. सप्टेंबर 2021 पासून ॲपलच्या मेलमध्ये गोपनीयतेची सोय सुरू केलेली असली, तर अशी चित्रं वाचणाऱ्याने पत्र उघडलं नसतानाही आधीच मागवली जातात. त्यामुळे तो आकडा भ्रामक आहे. वीस पत्रांतून तीन उत्तरं आणि एक काम मिळालं, तर बचत गटाच्या दृष्टीने ती मोठी मिळकत आहे.

कायद्याचं काय?

भारतात व्यापारी ईमेलसाठी स्वतंत्र स्पॅमविरोधी कायदा नाही. दूरसंचार नियामकाचे 2018 चे नियम फोन आणि एसएमएसला लागू होतात, ईमेलला नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66अ मध्ये त्रासदायक ईमेलचा उल्लेख होता. पण ते कलम न्यायालयात गेलं आणि 24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात ते रद्द केलं. आता 2023 चा डिजिटल व्यक्तिगत विदा (डेटा) संरक्षण कायदा आला आहे. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. त्यामुळे माणसांचे पत्ते आणि फोन नंबर गोळा करून विकणं पूर्वीसारखं सोपं राहणार नाही.

हापूस किंवा सुपारी परदेशी पाठवण्याचा विचार असेल तर तिथले नियम पाहायला हवेत. अमेरिकेत 2003 च्या कायद्यानुसार व्यापारी पत्रात टपालाचा खरा पत्ता लागतो आणि 'नको' म्हणणाऱ्याचं नाव कामाच्या 10 दिवसांत काढावं लागतं. जर्मनीत तर कंपनीलाही जाहिरातीचं ईमेल पाठवण्यासाठी आधी संमती घ्यावी लागते.

यातलं अवघड असं जे काही आहे, ते सगळं यंत्राच्या भागात आहे, आणि ते एकदाच करायचं असतं. मुकादमाला विचारणं, मासळीचे वार ठरवणं, पाच डबे नीट बांधून पाठवणं हे गावातल्या बायकांना शिकवावं लागत नाही. दिघी, बोर्ली, म्हसळा, श्रीवर्धनमधली अनेक मुलं आज मुंबई-पुण्यात संगणकाच्या नोकऱ्या करतात. गणपतीला किंवा शिमग्याला गावी आल्यावर त्यांनी एक दुपार काढावी आणि आपल्या वाडीतल्या एका तरी गटाला डोमेन घेऊन द्यावं, तिन्ही नोंदी भरून द्याव्यात आणि पहिली पाच पत्रं शेजारी बसून लिहून घ्यावीत.